कलंडलेला कमंडलू आणि समुद्राचं पोर

इंदापूर तालुक्याचा नकाशा एकदा नीट डोळ्यांपुढे आणावा. उत्तरेला भीमा, पूर्वेलाही भीमाच, दक्षिणेला नीरा. तिन्ही बाजूंनी पाणी आणि फक्त पश्चिमेला, बारामतीच्या अंगाला, जमिनीचा सांधा. भूगोलाच्या पुस्तकात अशा आकाराला द्वीपकल्प म्हणतात. इथे समुद्राची जागा दोन नद्यांनी घेतली आहे. खरा समुद्र राहिला मावळतीला, दीडशे-दोनशे किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पलीकडे. त्याचे ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि इकडे पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. बारामती-इंदापूरचा जिरायती पट्टा पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे बघत जगला तो यामुळेच.

तरीही या कोरड्या मुलखाच्या गावनावांत आणि त्यांच्या मागच्या गोष्टींत समुद्र सारखा भेटत राहतो. जेजुरीजवळ कऱ्हेवर नाझरे धरण झालं, त्याच्या जलाशयाला नाव मिळालं मल्हारसागर. भीमेवर उजनी झालं, तो यशवंतसागर. ही झाली अलीकडची नावं. पण मोरगावची कथा उघडते तीच मुळी समुद्राच्या पोटातून. नीरा नरसिंहपूरच्या नावाचं एक भावंड थेट मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या टोकाशी नांदतं आहे. आणि वालचंदनगर हे नाव ज्या माणसाचं, त्यानं आयुष्याची कित्येक वर्षं जहाजांपायी वेचली. मलय दर्यावर्दींच्या बेटांवरची गावनावं आणि त्यांच्या कथा वाचताना मला पुन्हा पुन्हा कऱ्हा आठवत होती. सुरुवात तिथूनच करावी.

कऱ्हा ही लहान नदी. पुरंदर तालुक्यात गराड्याच्या डोंगरांत उगम, पुढे सासवड, जेजुरीचा परिसर, मोरगाव, बारामती, आणि सोनगावला नीरेशी भेट. आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला तिचं नाव दिलं म्हणून ती महाराष्ट्रभर पोचली. पण तिच्या काठच्या लोकांना तिची जन्मकथा त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. पांडव या भागात यज्ञाला बसले आणि यज्ञाला पाणी मिळेना. वर डोंगरात ब्रह्मदेव ध्यानस्थ बसले होते, शेजारी त्यांचा कमंडलू, म्हणजे करा, भरलेला. पांडवांनी तो कलंडवला. पाणी उतारानं धावलं, तीच कऱ्हा. ध्यान मोडलेले ब्रह्मदेव संतापून मागे लागले. त्यांना थोपवायचं कसं? पांडवांनी वाटेत जागोजागी शिवलिंगं मांडली. लिंग दिसलं की पूजा केल्याशिवाय ब्रह्मदेवांना पुढे जाता येईना, आणि तेवढ्यात पाणी आणखी पुढे निघून जाई. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो. कुणी कलंडवण्याचं काम भीमाला देतं, कुणी अर्जुनाला. पण काठावरची महादेवाची देवळं, सासवडचा संगमेश्वर असो की पांडेश्वर, या पाठलागाच्या धाग्यात ओवलेली राहतात.

आता तिकडे चला, मलेशियाच्या वायव्य टोकाला, लंकावी बेटावर. तिथे दोन राक्षसी ताकदीचे गृहस्थ राहत, मात राया आणि मात चिंचांग. दोघांच्या मुलांचं लग्न ठरलं. मेजवानीच्या ऐन वेळी काही आगळीक झाली आणि व्याही एकमेकांच्या अंगावर धावून गेले. भांडी फेकली गेली. रश्शानं भरलेलं मोठं मडकं जिथे आपटून फुटलं ते गाव बलांगा पचाह, म्हणजेच फुटकं मडकं. कालवण जिथे सांडलं ते कुआह, आज बेटाचं मुख्य शहर आणि बंदर. ते जिथे जमिनीत झिरपलं ते किसाप. उकळत्या पाण्याचा हंडा जिथे उलटला ते आयर हांगात, गरम पाणी, आणि तिथे खरोखरच खाऱ्या गरम पाण्याचे झरे आहेत. शेवटी मात सावार नावाच्या तिसऱ्यानं मध्यस्थी केली. लाजलेले दोघे व्याही डोंगर होऊन बसले आणि मध्यस्थ त्यांच्यामध्ये टेकडी होऊन राहिला, पुन्हा भांडू नयेत म्हणून.

एक सांडलेला कमंडलू, एक सांडलेला रस्सा. दोन्ही ठिकाणी भांडं उलटतं, द्रव वाहत जातो आणि तो जिथे जिथे पोचतो तिथे तिथे एकेक नाव उगवतं. या दोन कथांनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नसावं. मग त्या इतक्या सारख्या का? माझी समजूत अशी आहे की दोघींना एकच काम करायचं होतं. नकाशा नसलेल्या माणसाला ठिकाणं नुसती माहीत असून भागत नाही, ती क्रमानं लक्षात ठेवावी लागतात. आधी काय येतं, मग काय, दोहोंत अंतर किती, पाणी गोडं की खारं. नुसती यादी विसरते. पाठलाग विसरत नाही, भांडण तर मुळीच नाही. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती, सणसर, आंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला येते आणि तिथे नीरेत पादुकांना स्नान घालून पैलतीरी अकलूजच्या दिशेनं जाते. ज्यानं कधी कागदावर हा मार्ग पाहिला नाही अशा वारकऱ्यालाही मुक्कामांचा क्रम मुखोद्गत असतो, कारण प्रत्येक नावाशी काही घडतं. कुठे रिंगण, कुठे स्नान, कुठे नदी ओलांडणं.

दर्यावर्द्यांना तर याची गरज जिवावरची होती. बंगालचा उपसागर ओलांडून आलेल्या नाखव्याला मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या उत्तर तोंडाशी आधी लंकावीचे डोंगर आणि केदाहच्या किनाऱ्यावरचं जराई शिखर दिसे. त्या शिखराच्या पायथ्याशी बुजांग खोऱ्यात भारतीय घाटणीच्या जुन्या देवळांची जोती सापडली आहेत, म्हणजे खूण ओळखून लोक तिथे उतरत होते. केदाहच्या राजकथेत, ‘हिकायत मरोंग महावंसा’त, याच पाण्यात गरुड येतो. रूमच्या राजपुत्राचं चीनच्या राजकन्येशी लग्न ठरलेलं असतं. गरुडाला ते पसंत नसतं, म्हणून तो आकाशातून झडप घालून लग्नाचं आरमार लंकावीजवळ बुडवतो. आपल्या विष्णूचं वाहन तिथे समुद्री वादळाचं रूप घेऊन उभं आहे. चौफेर लहानमोठ्या बेटांचा सडा पडलेल्या त्या पाण्यात जहाज फुटणं किती सोपं, हे बंदरातल्या पोरांना सांगायची याहून चांगली तऱ्हा कोणती?

आणि कथांखालचा दगडही काही सांगतो. मात चिंचांग डोंगराचा वालुकाश्म पन्नास कोटी वर्षांहून जुना, मलेशियातल्या सर्वांत प्राचीन खडकांपैकी. मात राया ग्रॅनाइटचा, म्हणजे जमिनीखालून नंतर वर घुसलेल्या तप्त रसाचा. दोन व्याही खरोखरच वेगळ्या कुळांचे निघाले. २००७ मध्ये युनेस्कोनं लंकावीला जागतिक भू-उद्यानाचा मान दिला तो या खडकांसाठी.

आता मोरगाव. अष्टविनायकांतला पहिला मान, कऱ्हेच्या काठी, बारामती तालुक्यात. गणेशपुराणातली कथा अशी. गंडकी नगरीचा राजा चक्रपाणी आणि राणी उग्रा यांना मूल नव्हतं. सूर्याच्या उपासनेनं राणीला दिवस गेले, पण गर्भाचं तेज इतकं प्रखर की तिला ते सोसवेना. तिनं तो गर्भ समुद्रात सोडून दिला. समुद्रानं तो वाढवला, आणि मग ब्राह्मणाचं रूप घेऊन मूल राजाकडे परत आणून दिलं. समुद्रानं दिलेलं म्हणून नाव सिंधू. पुढे या सिंधूनं सूर्याकडून अमृत मिळवलं, ते पोटात बाळगलं आणि तिन्ही लोकांना सळो की पळो केलं. त्याच्याशी लढायला गणपती आला तो मोरावर बसून. सेनापती कमलासुर पडला, सिंधूच्या पोटातलं अमृत सांडलं, सिंधू संपला. इथेही, पाहा, एक भरलेलं भांडं रितं झाल्यावाचून गोष्ट पुरी होत नाही. आणि मोरानं म्हणे देवाकडे एवढंच मागितलं, की माझं नाव तुझ्या नावाच्या आधी लागू दे. म्हणून तो मयूरेश्वर, मोरेश्वर, आणि गाव मोरगाव. देवापेक्षा वाहनाचं नाव गावाला मिळालं, याचं मला नेहमी फार अप्रूप वाटतं.

समुद्रात वाढलेला असुर समुद्रापासून इतक्या लांब, कऱ्हेकाठी येऊन का पडावा? पुराणाला असले प्रश्न विचारायचे नसतात, हे मान्य. पण याच मोरगावच्या परिसरात, कऱ्हेच्याच काठच्या गाळात, समुद्रापलीकडून आलेली एक वस्तू खरोखर सापडली आहे. ती म्हणजे राख.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्वज्ञांना आणि त्यांच्या सोबतच्या भूवैज्ञानिकांना पुणे जिल्ह्यातल्या नद्यांच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचे थर मिळाले. आधी १९८०च्या दशकात जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला, आणि मोरगावजवळ कऱ्हेकाठीही. वरून पाहिलं तर गाळाच्या करड्या-पिवळ्या थरांत एक फिकट, पिठूळ पट्टा. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की तो पट्टा काचेचा निघतो. वायूनं फुगलेले बुडबुडे फुटून राहिलेल्या, वाकड्या कडांच्या, अतिसूक्ष्म काचांचा.

महाराष्ट्रात ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला आपलाच काळा कातळ आठवतो. मग ही राख घरचीच कशावरून नाही? उत्तर रसायनात आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून पातळ लाव्ह्याच्या रूपानं वाहत आला. त्यात सिलिका कमी. कऱ्हेकाठची राख सिलिकेनं गच्च भरलेली, म्हणजे चिकट, कोंडलेल्या आणि शेवटी स्फोटानं आभाळात उडालेल्या रसाची. शिवाय ती बसली आहे नदीच्या तरुण गाळात, कातळाच्या खूप नंतरच्या. प्रत्येक ज्वालामुखीच्या राखेत मूलद्रव्यांचं आपलं असं प्रमाण असतं. त्यावरून माग काढत संशोधक पोचले ते सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीपाशी. मोरगावपासून तीन हजार किलोमीटरांहून लांब!

टोबाचा शेवटचा प्रचंड उद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. गेल्या वीस लाख वर्षांतला पृथ्वीवरचा तो सर्वांत मोठा उद्रेक मानतात. पण टोबा त्याआधीही, लाखो वर्षांच्या अंतरानं, फुटलेला आहे. पुणे जिल्ह्यातली राख यांपैकी नेमक्या कोणत्या उद्रेकाची, यावरून तज्ज्ञांत बराच वाद झाला. काहींच्या मते ती ७४,००० वर्षांपूर्वीची, तर काहींच्या मते तिचं वय सात-आठ लाखांच्या घरात. या वादाला वजन येतं ते राखेच्या सोबत्यांमुळे. त्याच परिसरात अश्यूलियन धर्तीच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळतात. राखेचं वय ठरलं की कऱ्हेकाठी दगड घडवत बसलेल्या त्या आदिमानवांचाही काळ ठरायला मदत होते.

इतकी राख इथवर आली कशी? पावसाळ्याच्या काळात आपल्या डोक्यावर, पुष्कळ उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगवान वारे वाहतात. जमिनीलगत नैर्ऋत्येचा मोसमी वारा आणि वर त्याच्या उलट दिशेचा हा प्रवाह. टोबाची राख त्या वरच्या वाटेनं आली असावी असं मानलं जातं. ती सगळ्या माळरानावर पातळ पसरली, मग पावसानं धुपून ओढ्यांत उतरली आणि नदीच्या वळणांवर साठून जाड झाली. टेकड्यांवरची नाहीशी झाली. नदीनं जपली तेवढी उरली.

टोबा फुटला तेव्हा जमीन खचून जे विवर झालं त्यात आज सुमारे शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे, आणि सरोवराच्या मधोमध सामोसिर नावाचं बेट. तिथले बटाक लोक या नावांची गोष्ट सांगतात. टोबा नावाच्या शेतकऱ्याच्या गळाला सोनेरी मासा लागला. माशाची सुंदर बाई झाली. माझं मूळ कधी कुणाला सांगायचं नाही, या अटीवर तिनं त्याच्याशी लग्न केलं. मुलगा झाला, सामोसिर. एके दिवशी पोरानं बापाचं शेतावर न्यायचं जेवण वाटेतच खाल्लं आणि बाप रागाच्या भरात ओरडला, माशाची अवलाद! अट मोडली. जमिनीतून पाणी उसळलं, खोरं बुडालं, सरोवराला बापाचं नाव राहिलं आणि बेटाला मुलाचं. शंतनू आणि गंगेची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या कुणालाही ही अट आणि तिचं मोडणं ओळखीचं वाटेल. बटाकांची कथा आणि भूवैज्ञानिकांचा अहवाल यांचं दोन मुद्द्यांवर एकमत आहे. खोऱ्यात पाणी भरलं ते अनर्थानंतर, आणि बेट वर आलं ते त्याच्यानंतरच्या घडामोडीत. विवराचा तळ खालच्या रसाच्या दाबानं पुन्हा वर उचलला गेला, तेच सामोसिर.

आणि सुमात्रा हे नाव? ते आलं समुद्र नावाच्या राज्यावरून. बेटाच्या उत्तर टोकाला समुद्र-पासाई नावाची सल्तनत होती. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे जाऊन आला, आणि एका बंदराचं नाव हळूहळू साऱ्या बेटाला लागलं. मलय राजकथा मात्र वेगळंच सांगते. राज्याच्या संस्थापकाला तिथे मांजराएवढी मुंगी दिसली, आणि ‘मोठी मुंगी’ या मलय शब्दांवरून नाव पडलं. विद्वान समुद्र या संस्कृत शब्दाकडे बोट दाखवतात. म्हणजे समुद्र नावाच्या बेटावरून उडालेली राख तिथे येऊन विसावली, जिथे समुद्रानं दिलेल्या सिंधूचा शेवट झाला असं आपण पूजेत ऐकत आलो. हा निव्वळ योगायोग आहे. गणेशपुराणकारांना टोबा ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. पण हे कळल्यापासून कऱ्हेकाठच्या फिकट मातीकडे मला पूर्वीसारखं पाहता येत नाही.

या देवाणघेवाणीची दुसरी बाजू पाण्याची. कऱ्हेच्या उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. पण दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं असल्यानं कऱ्हा त्याच्याकडे पाठ करते. ती सोनगावला नीरेत, नीरा नरसिंहपूरला भीमेत, भीमा रायचूरच्या उत्तरेला कृष्णेत आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागरात. त्याच उपसागराच्या पलीकडच्या अंगाला अंदमानचा समुद्र, लंकावी आणि सुमात्रा. मोरगावला पडलेल्या पावसाचा जो थेंब शेतात, ऊसात, धरणात न अडकता सुटला, तो मलय नाखव्यांच्या पाण्याकडे जातो.

नीरा नरसिंहपूर हे इंदापूरच्या त्या द्वीपकल्पाचं अगदी शेवटचं टोक. तिथे दोन नद्या मिळतात आणि तालुक्याची जमीन संपते. लक्ष्मी-नरसिंहाच्या देवळामागची श्रद्धा अशी, की प्रल्हादानं संगमावरच्या वाळूची नरसिंहमूर्ती करून तिची पूजा केली. भाविक या जागेला पृथ्वीची नाभी मानतात. मूर्तीसाठी दगड नव्हे, वाळू निवडली गेली हे मला या जागेला फार साजेसं वाटतं. पूर आला की संगमाचा आकार बदलतो, बेटं तयार होतात आणि मोडतात. जिथे एकही रेघ कायम राहत नाही तिथे भक्तानं जे हाताशी होतं त्याचाच देव केला.

सिंगापूरच्या नावाची गोष्टही वाळूनं सुरू होते. मलय राजकथा, ‘सजाराह मलायू’, सांगते की पालेंबांगचा राजपुत्र सांग नील उत्तम शिकारीला निघाला असता त्याला दुरून शुभ्र वाळूचा किनारा दिसला, इतका पांढरा की वाळत घातलेल्या कापडासारखा. ते होतं तमासेक बेट. तो निघाला तोच वादळ उठलं, जहाजात पाणी शिरू लागलं. जड होतं ते सगळं समुद्रात टाकलं, तरी जहाज बुडतच होतं. शेवटी नावाड्यांच्या सांगण्यावरून त्यानं डोक्यावरचा मुकुट पाण्यात टाकला आणि समुद्र शांत झाला. किनाऱ्यावर त्याला एक तांबूस अंगाचं, काळ्या डोक्याचं, पांढऱ्या छातीचं चपळ जनावर दिसलं. सोबत्यांनी सांगितलं, हा सिंह असावा. बेटाचं नाव झालं सिंहपूर. परंपरेनं हे साल १२९९ मानतात. त्या बेटावर सिंह कधीच नव्हते, वाघ मात्र होते. पण सिंह हे राजपदाचं चिन्ह होतं आणि ते चिन्ह संस्कृतबरोबर जहाजांत बसून आधीच तिकडे पोचलं होतं. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर चंपा राज्याची राजधानीसुद्धा सिंहपूरच होती.

नरसिंहपुरातही सिंह नव्हता. तिथे सिंह खांबातून प्रकटला, इथे झाडीतून. एका गावात भक्तानं वाळूतून देव घडवला, दुसऱ्या बेटावर राजानं मुकुट गमावून राज्य मिळवलं. सिंगापूरची कथा मला जास्त खोल वाटते ती त्या मुकुटामुळे. समुद्रावर जगणाऱ्या लोकांनी आपल्या पहिल्या राजाला मोठेपणाची खूण सोडायला लावूनच किनाऱ्यावर उतरू दिलं.

इंदापूरच्या उत्तर सीमेवर तर नवा समुद्र आपल्या डोळ्यांदेखत झाला. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि ११७ टीएमसी पाण्याच्या यशवंतसागरात भीमाकाठची कितीतरी गावं गेली. त्यांत जुनं पळसदेव होतं. गाव वर सरकलं, नाव सोबत घेऊन गेलं, पण पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ खालीच राहिलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की ते उघडं पडतं आणि लोक होड्यांतून, चिखल तुडवत, दर्शनाला जातात. भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. भोई समाजाचे लोक जाळी टाकतात आणि पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात. ज्यांनी या जागी ज्वारी काढली, त्यांची नातवंडं वल्ही मारतात. या पाण्याचा दराराही खराच आहे. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जीव गेले.

राहिलं वालचंदनगर. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी १८८०च्या दशकात या भागात आलं आणि त्याच्या जोरावर पुढे ऊस उभा राहिला. कळंबच्या माळावर १९३०च्या दशकात साखर कारखाना आणि त्याभोवती गाव वसवलं ते वालचंद हिराचंद दोशी यांनी. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. सोलापूरलाही समुद्र नाही. पण पहिलं महायुद्ध संपताना त्यांनी आणि नरोत्तम मोरारजी यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ नावाचं जहाज विकत घेतलं. ते आधी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावानं कॅनडाच्या कंपनीसाठी प्रशांत महासागरात फिरत होतं, मग युद्धात तरंगतं रुग्णालय झालं. सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या जलमार्गावर भारतीय मालकीचं जहाज. म्हणूनच ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन.

कंपनीला सिंदिया हे नाव पडलं ते ग्वाल्हेरच्या घराण्यावरून. ते शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. पुढे वालचंदांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी काढली. तिची पायाभरणी १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तिथून ‘जल-उषा’ पाण्यात सोडली. तिच्या मागून ‘जल-प्रभा’, ‘जल-प्रकाश’ अशी भावंडं आली. गोदी नंतर सरकारकडे गेली आणि हिंदुस्थान शिपयार्ड झाली, पण शेजारच्या वस्तीला आणि चौकाला लोक आजही सिंदिया म्हणतात. कण्हेरखेडच्या पाटलांचं आडनाव एका जहाजाच्या खरेदीतून पूर्व किनाऱ्यावरचं गावनाव झालं. तिथल्या तेलुगू मुलांनी या नावाची एखादी गोष्ट रचली असेल का, याचं मला खरंच कुतूहल आहे.

वालचंदनगरात आजही अवजड यंत्रांचा कारखाना आहे. नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्स आणि इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटर केसिंग तिथे घडली आहेत. नीरेपासून जवळच, उसाच्या फडांमधून, ही वजनं लांबलचक ट्रेलरवर चढतात आणि किनाऱ्याच्या दिशेनं निघतात.